काकासाहेबांचा किलो

तांबूळवाडीत किलो दोन प्रकारचा होता. एक हजार ग्रॅमचा. तो शाळेच्या पुस्तकात असे आणि तिथून सहसा बाहेर पडत नसे. दुसरा काकासाहेब दरेकरांच्या किराणा दुकानातला, साडेनऊशे ग्रॅमचा. त्याच्यावर गाव तेरा वर्षं चहा पीत होतं.

काकासाहेबांचा काटा इलेक्ट्रॉनिक होता. लाल आकडे, स्टीलची ताटली, तीस किलोपर्यंत वजन. नगरहून एक मेकॅनिक येऊन तो असा बसवून गेला होता की किलोमागे पन्नास ग्रॅम काटा स्वतःच्या पदरचे घाली. काकासाहेब याला फसवणूक म्हणत नसत. पोतं फुटतं, उंदीर लागतात, साखर ओलावा धरते, त्याची ही भरपाई, असं ते मनाशी म्हणत. मोठ्याने कधी म्हणायची वेळ आली नाही, कारण कुणी विचारतच नव्हतं. गावात दुसरं दुकान नव्हतं, आणि श्रीगोंद्याला जाऊन साखर आणायची तर पन्नास ग्रॅमपेक्षा पेट्रोल महाग पडे.

दर दिवाळीनंतर पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या यायच्या आणि पाण्याच्या चारीच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहायच्या. त्यातच रतनबाई होती. नवरा आसाराम आणि ती मिळून एक कोयता. म्हणजे मुकादमाच्या लेखी नवरा-बायको ही दोन माणसं नव्हतीच. दोघं मिळून एक हत्यार. रतनबाई आठवड्याला दुकानात यायची, साखर, तेल, बाजरीचं पीठ न्यायची आणि काट्याच्या आकड्याकडे पाहून दर वेळी एकच वाक्य बोलायची.

"शेठ, तुमच्याकडचा किलो लवकर सरतो."

"तुमी लोक चहा लई पिता," काकासाहेब म्हणत. विषय तिथंच मिटे.

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत छगन नावाच्या टेम्पोवाल्याने रतनबाईच्या कोपीत एक पोतं ठेवायला दिलं. छगन त्या भागात जनावरांसाठी उसाचं वाढं वाहायचा, त्यामुळे सगळ्या टोळ्यांच्या ओळखीचा. चार दिवसांनी नेतो म्हणाला, आणि बदल्यात हंगाम संपून पट्टा पडला की तुमचं बिऱ्हाड फुकट पाथर्डीला सोडतो म्हणाला. पोत्याला वास येत होता. रतनबाईने तो गांजाचा म्हणून ओळखला, पोत्यावर गोधडी टाकली आणि काही विचारलं नाही. हे तिने पुढे कोर्टातही जसंच्या तसं सांगितलं. वकिलांनी तिला 'वास आला नाही' असं सांगायला शिकवलं होतं, पण ती म्हणाली, "वास तर आला व्हता. नाक हाय मला."

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. खबर छगनच्या टेम्पोची होती. पण टेम्पोला चाकं होती आणि छगनला अक्कल होती, त्यामुळे दोघंही तालुक्याच्या बाहेर पोचले होते. सापडली ती रतनबाई. आसाराम फडात ट्रक भरत होता, कोपीत ती एकटी होती, आणि कायद्याच्या भाषेत पोतं 'तिच्या कब्जात' होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी तिच्या एकटीच्या मालकीचं निघालं.

आता वजन करायचं होतं. पोलिसांच्या जीपमध्ये सगळं होतं. लाख होती, शिक्के होते, पंचनाम्याचे छापील कागद होते. काटा नव्हता. मग पोतं आणि रतनबाई यांना घेऊन जीप काकासाहेबांच्या दुकानापुढे उभी राहिली.

"काकासाहेब, सरकारी काम हाय," फौजदार म्हणाले. "तुमचा काटा लागंल. आन पंच म्हनून तुमची सही."

काकासाहेबांनी टोपी नीट केली. गेली दोन वर्षं ते गावच्या सेवा सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायच्या विचारात होते, आणि सरकार स्वतःहून दारात येण्यासारखी जाहिरात दुसरी नसते. त्यांनी ताटली फडक्याने पुसली. गोणपाट काढून हिरवा-करडा पाला एका प्लास्टिकच्या पिशवीत भरला गेला, पिशवी ताटलीवर ठेवली गेली. लाल आकडे थोडे मागेपुढे झाले आणि थांबले. वीस किलो सहाशे ग्रॅम.

फौजदारांचा चेहरा उजळला. लग्नात आहेराचं पाकीट जाड लागल्यावर उजळतो तसा. शेजारच्या हवालदाराने काकासाहेबांना कायदा स्वतःच केल्यासारखं समजावून सांगितलं, "वीसच्या आत आसतं तर जज्जच्या मर्जीवर. सा म्हैने देईल, दोन वर्स देईल. वीसच्या वर गेलं की धंद्याचा माल. दहा वर्स कमीत कमी. जज्जलाबी खाली येता येत न्हाई."

काकासाहेब व्यापारी माणूस. त्यांना कागद-पेन्सिल लागत नसे. वीस सहाशेचे काकासाहेबी किलो म्हणजे खरे साडेएकोणीस, वर थोडे ग्रॅम. हा हिशेब त्यांच्या डोक्यात हवालदाराचं वाक्य संपायच्या आत झाला, आणि तितक्याच वेळात त्यांनी तो झाकूनही टाकला. आपला काटा खोटा आहे असं पोलिसांपुढे, तेही स्वतःच्या दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना सांगणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि पहिला आपणच व्हावं असं त्यांना वाटलं नाही.

दुकानाच्या पायरीवर बसलेली रतनबाई म्हणाली, "शेठ, तुमचा काटा जास्तीचं दावतो. सायबाला सांगा की."

"गप बस बाई," काकासाहेब म्हणाले, आणि फौजदारांनी दाखवली तिथं सही केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मध्ये पोतं, मागे पोलीस, डाव्या कोपऱ्यात अर्धे काकासाहेब आणि पूर्ण काटा. काकासाहेबांनी ते कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं. त्यांची बायको विजयमाला हिने ते पाहिलं, फोटोतल्या काट्यावर बोट ठेवलं, आणि आत निघून गेली.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. एवढ्या मालाला जामीन नसतो, तेव्हा रतनबाई ती दोन वर्षं आतच होती. आसाराम तेवढे हंगाम अर्धा कोयता म्हणून तोडीला आला. एकट्या माणसाला मुकादम तसंच म्हणतो. मुलगी सुकन्या आजीकडे राहिली. छगनचा शोध चालू होता, म्हणजे त्याच्या नावापुढे 'फरार' असा शब्द दर तारखेला न चुकता लिहिला जात होता.

काकासाहेब साक्षीला इस्त्रीचे कपडे घालून गेले. सरकारी वकिलांनी विचारलं, "काटा चालू स्थितीत होता?"

"व्हय. एकदम चालू."

"वजन किती भरलं?"

"वीस किलो सहाशे ग्रॅम."

रतनबाईला सरकारने दिलेले वकील त्या दिवशी घाईत होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, त्यातला एक काकासाहेबांच्या वयाविषयी होता. नंतर न्यायाधीशांनी रतनबाईला काही सांगायचं आहे का असं विचारलं तेव्हा तिने सांगितलं की किराणावाल्याचा काटा खोटा आहे, सगळ्या टोळीला माहीत आहे. ते वाक्य टाइप झालं. टाइप झालेल्या वाक्याचं पुढे काय करायचं, हे कुणाचंच काम नव्हतं.

निकालाच्या दिवशी काकासाहेब नगरला सोसायटीच्या कामासाठी गेले होते. निदान घरी त्यांनी तसंच सांगितलं होतं. ते कोर्टात मागच्या बाकावर बसले. न्यायाधीश म्हणाले, आरोपीचा हा पहिलाच गुन्हा आहे, ती मजूर आहे, खरा सूत्रधार दुसराच असावा, तिला मूल आहे, हे सगळं माझ्या ध्यानात आलं आहे. काकासाहेबांना वाटलं, सुटली. मग न्यायाधीश म्हणाले, परंतु माल वीस किलोच्या वर असल्याने दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा देण्याचा मला अधिकार नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी निकालपत्रात लिहूनही ठेवलं. रतनबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिला ते शिपायाने सांगितलं.

बाहेर नेताना ती काकासाहेबांच्या शेजारून गेली. थांबली नाही, रागावलीही नाही. चालता चालता म्हणाली, "शेठ, पोरीनं माज्या सातवीत चांगलं नाव काढलं व्हतं." एवढंच. काकासाहेबांना त्या दिवशी नगरहून येताना एसटीत बसायला जागा मिळाली, तरी ते उभेच आले.

पुढे सहा-सात महिन्यांनी दुकानात एक बाई आल्या. पांढरा ड्रेस, हातात फाइल. एक किलो साखर मागितली, पक्कं बिल मागितलं, आणि गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या. साखरेची तीच पिशवी काउंटरवर ठेवली आणि तिच्याशेजारी दूध डेअरीच्या काट्यावरची चिठ्ठी ठेवली. नऊशे पन्नास.

"मी अॅडव्होकेट दिपाली खर्डे," त्या म्हणाल्या. "विधी सेवेकडून रतनबाईंचं अपील माझ्याकडे आलंय. तुम्ही तो काटा अजून बदलला नाहीत, याबद्दल आधी तुमचे आभार मानते."

काकासाहेबांनी साखर ओलावा धरते ही गोष्ट सांगून पाहिली. पण साखरेने ओलावा धरला तर वजन वाढतं, कमी होत नाही, असं वकीलबाई शांतपणे म्हणाल्या.

"मुद्देमाल परत मोजा की मंग," काकासाहेब म्हणाले.

"मोजला. चौदा किलो भरला. सरकार म्हणतं, वाळला. खरंही असेल. त्या दिवशीचं खरं वजन सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे, काकासाहेब, आणि तो सध्या माझ्याकडे बघत नाहीये."

"माझं काय हुईल?"

"काट्याबद्दल दंड होईल. खोट्या साक्षीबद्दल कोर्ट रागावेल, कदाचित केसही होईल. मी खोटं आश्वासन देणार नाही." त्यांनी कार्ड ठेवलं. साखर मात्र बरोबर नेली. पुरावा होता तो.

त्या गेल्यावर विजयमाला आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं, कारण दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदाच होता.

"निवडनूक दोन म्हैन्यांवर आलीय," काकासाहेब म्हणाले. "गावाला कळलं तर?"

"अवो, गावाला काय कळायचंय? गावाला तेरा वर्सं ठावं हाय. आपल्या घरची साखर मी माहेरच्या मापानं मोजून घेते, ती उगीच का?" ती जरा थांबली. "निस्तं कोर्टाला सांगायचं राह्यलंय तुमचं. आन ती बाई तिकडं आपल्या सहाशे ग्रॅमपायी बसलीय."

"पोतं तिच्याकडंच हुतं. वास ओळखला हुता तिनं."

"मंग त्या वासाची काय आसंल ती सजा तिला हुंद्या. आपल्या काट्याची कशाला?"

पुढचे चार दिवस गिऱ्हाइकांना माल देताना काकासाहेब नकळत चिमूटभर जास्त टाकू लागले; गिऱ्हाइकं घाबरली, भाव वाढला की काय म्हणून विचारू लागली. पाचव्या दिवशी त्यांनी कार्डावरचा नंबर लावला.

वरच्या कोर्टाने काकासाहेबांची साक्ष पुन्हा नोंदवून घ्या असा आदेश दिला. तो आदेश खाली पोचायला लागले आठ महिने; त्या काळात सोसायटीची निवडणूक होऊन गेली. काकासाहेबांनी कोर्टात अर्ज दिल्याची बातमी मात्र दोन दिवसांत गावात पोचली होती. विरोधी पॅनेलने घरोघर पन्नास ग्रॅम साखरेची पुडी वाटली आणि पुडीवर छापलं, 'काकासाहेबांकडून राहिलेली'. काकासाहेबांना एकोणतीस मतं पडली. त्यांच्या भावकीतच चाळीसच्या वर होती.

साक्षीच्या दिवशी काटा रिक्षातून कोर्टात आला. प्रमाणित केलेलं पाच किलोचं वजन त्यावर ठेवलं. लाल आकडे म्हणाले, पाच किलो दोनशे साठ आणि वर थोडं. एवढ्या साध्या गोष्टीला चार वर्षं लागली, हे प्रत्येकाच्या लक्षात आलं असावं, पण ती कुणाची चूक म्हणून नोंदवायची हे ठरत नव्हतं.

सरकारी वकील उठले. "मागच्या वेळी शपथेवर वेगळं सांगितलंत. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तवा."

"का?"

"तुमी इचारलं, काटा चालतो का. चालतो म्हनलं. किती खातो ते कुनी इचारलं न्हाई." मग काकासाहेबांनी मान खाली घातली. "आन इचारलं आसतं तरी म्या सांगितलं नसतं, साहेब. सोसायटीला उभं राह्यचं हुतं."

न्यायाधीशांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. काकासाहेबांना ती मान्य होती.

निकाल दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये लागला. माल वीस किलोच्या वर होता हे निर्विवाद सिद्ध होत नाही, असं वरच्या कोर्टाने म्हटलं. आणि वीसच्या खाली आल्याबरोबर चमत्कार झाला. कायद्याला एकदम दिसायला लागलं. पहिलाच गुन्हा आहे, हे दिसलं. मजूर बाई आहे, पोतं दुसऱ्याचं होतं, मुलगी आहे, तुरुंगातली वागणूक चांगली आहे, हे सगळं दिसलं. यातलं शेवटचं सोडलं तर एकही गोष्ट नवी नव्हती. पहिल्या न्यायाधीशांनीही त्या पाहिल्या होत्या, फक्त त्यांना पाहण्याची परवानगी नव्हती. भोगलेली चार वर्षं पाच महिने पुरेशी आहेत, असं ठरलं. पुरेशीपेक्षा किती जास्त झाली, ते मोजायचा काटा कुणाकडे नव्हता. एवढ्या काळात अहमदनगर जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं होतं, म्हणजे सरकारला मनात आणलं की बदल करता येतो, हे उघड होतं.

काकासाहेबांचा काटा वजनमाप खात्याने जप्त केला. दंड झाला, तो त्यांनी त्याच दुपारी भरला, आणि चहाच्या वेळेला ते घरी होते. इतक्या वर्षांच्या चोरीला एक दुपार लागली. खोट्या साक्षीबद्दलची नोटीस यायची होती. ती अजून वाटेत आहे.

रतनबाई सुटली त्या दिवशी तिला न्यायला आसाराम आणि सुकन्या पुण्याच्या तुरुंगावर गेले. काकासाहेबांनाही जावंसं वाटलं होतं, पण आपण तिथं कोण म्हणून उभं राहायचं हे त्यांना ठरवता आलं नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर टोळी पुन्हा चारीच्या कडेला उतरली आणि कोयता पुन्हा पूर्ण झाला. काकासाहेब फडावर गेले. रतनबाई ऊस तोडत होती. केस पांढरे झाले होते, हात मात्र तसाच चालत होता.

"रतनबाई, माझं चुकलं," काकासाहेब म्हणाले. रस्त्याने येताना त्यांनी याहून लांब भाषण तयार केलं होतं.

"बाजूला सरा, पाचट लागंल," ती म्हणाली. चार ऊस तोडून झाल्यावर कंबर सरळ केली. "शेठ, तुमची साक्ष चालती ना सरकारात?"

"आता कोन धरनार माझी साक्ष?"

"मव्हं नाव रेशनकार्डातून उडालंय. म्या आत व्हते, अंगठा द्यायला आले न्हाई, म्हनून काढलं. आता म्हनत्यात, तू हायस ह्याला साक्षीदार आन. आमच्या गावातले समदे तोडीला पांगलेत."

सोमवारी काकासाहेब दुकान विजयमालावर सोपवून पाथर्डीच्या तहसीलला गेले. लाकडी बाकावर ते आणि रतनबाई सकाळपासून बसले. मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. दुपारी कारकुनाने बोलावलं.

"तुम्ही यांचे कोण?" कारकुनाने काकासाहेबांना विचारलं.

"कुनी न्हाई. म्या ह्यांच्यावर खोटी साक्ष दिली हुती. ह्या आत हुत्या. माझ्यामुळं."

कारकुनाने मान वर केली नाही. "आधार आणलंय का?"

आधार होतं. मग रतनबाईचा अंगठा यंत्रावर ठेवला गेला. यंत्राने तो ओळखला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. कोयत्याने आणि तुरुंगातल्या भांड्यांनी रेषा झिजवल्या होत्या. कारकून म्हणाला, डोळ्याचं यंत्र गुरुवारी येतं, गुरुवारी या, साक्षीदारही लागेल.

"ह्यांचा दिवस बुडतो, साहेब," काकासाहेब म्हणाले. "मी लिहून देतो की. बाई समोर उभी हाय."

"समोर उभी आहे ते मलाही दिसतंय," कारकून म्हणाला. "सिस्टीमला दिसत नाही."

काकासाहेबांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण सिस्टीमला न दिसण्यात आपलाही हातभार लागला होता, हे ते विसरले नव्हते.

परतीच्या एसटीत रतनबाई पुढे बायकांत बसली आणि काकासाहेब मागे. पाथर्डी ते नगर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नगरच्या स्टँडवर श्रीगोंद्याची गाडी लागायची होती. काकासाहेबांनी दोन वडापाव आणले. तिने एक घेतला, कागद सोडवला, आणि खाता खाता गाड्यांच्या फलकाकडे पाहत म्हणाली,

"गुरुवारी पहिल्या गाडीनं जावं लागंल. उशीर करू नका."

"न्हाई करत," काकासाहेब म्हणाले.